पावसाळ्यात भरतकामाचा दोरा सारखा तुटतोय? मेकॅनिकला फोन करायच्या आधी हे बघून घ्या

मिरग लागून आठ-दहा दिवस झाले की माझा फोन वाजायला लागतो. समोरची बाई आधी पावसाचं बोलते, मग पोरांचं, आणि मग खरा विषय, "वयनी, दोरो सारखो तुटता, मशीन बिघडला वाटता." मी मालवणच्या अलीकडे एका गावात ब्लाऊज आणि भरतकामाची कामं घेते, सोळा-सतरा वर्षं झाली. एक काळं पायाचं मशीन आहे, त्यावर रिंग लावून हाताने फिरवत भरते, आणि एक घरगुती कॉम्प्युटर मशीन आहे. दोरा तुटायचा हा प्रकार माझ्याकडे, नणंदेकडे, शेजारी, सगळीकडे इतक्यांदा निस्तरलाय की आता तुटलेलं टोक बघितलं तरी अंदाज येतो. बहुतेक वेळा मशीनला काही झालेलं नसतं. आणि बहुतेक वेळा बाईने फोन करायच्या आधी टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याची ओढ कमी-जास्त करायचा स्क्रू चार वेळा फिरवून ठेवलेला असतो, मग मला दोन भानगडी निस्तराव्या लागतात.

म्हणून पहिली विनंती, स्क्रूला हात लावू नका. त्याचा नंबर शेवटी आहे.

आधी तुटलेलं टोक बघा

दोरा तुटला की आपण घाईत परत ओवतो आणि ते टोक टाकून देतो. टाकू नका, उजेडात धरून बघा, चष्मा लावून बघा.

टोक कापसासारखं फुललेलं असेल, आणि तुटायच्या आधी सुईजवळ दोऱ्याची बारीक बोंडं जमत असतील, तर दोरा कशावर तरी घासतोय. नव्वद टक्के संशय सुईवर. टोक एकदम स्वच्छ, ब्लेडने कापल्यासारखं असेल तर ओढ जास्त आहे, किंवा दोरा कुठेतरी अडकतोय, किंवा वाटेत धारदार कड आहे. टोक निमुळतं होत गेलेलं असेल, दोन पदर वेगवेगळ्या जागी तुटलेले असतील, आणि रिळावरचा वीतभर दोरा दोन हातांत धरून ओढला तरी सहज सुटत असेल, तर मशीन बाजूलाच ठेवा, तो दोराच गेलाय. तुटायच्या आधी दोरा स्प्रिंगसारखा वळवळत असेल तर रीळ कसं लावलंय ते बघायचं. आणि जरीचं वरचं चकचकीत सोलून निघून आतला पांढरा दोरा दिसत असेल तर तो जरीचा वेगळा आजार, त्याचं खाली सांगते.

अजून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एकाच रंगाला तुटतो आणि बाकी रंग नीट चालतात? मग मशीन निर्दोष आहे. आणि एकाच डिझाईनमध्ये एकाच जागी तुटतो? मग दोष डिझाईनचा किंवा कापडाचा.

फुकटातलं: काढा आणि परत ओवा

हसू नका. दोरा पूर्ण काढायचा, कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलायची आणि मग पहिल्यापासून ओवायचा. दाबपट्टी वर असताना टेन्शनच्या दोन चकत्या उघड्या असतात, दोरा मध्ये जाऊन बसतो. खाली असताना ओवला तर दोरा चकत्यांच्या वरूनच जातो, मग खाली जाळं होतं, दोरा अडकतो आणि तुटतो. ओवून झाल्यावर दाबपट्टी खाली करा आणि दोरा हलकेच ओढा, जड लागला पाहिजे. सुळकन आला तर बसलेला नाही, परत ओवा. वर-खाली होणारा जो हात असतो त्याच्या भोकातून दोरा गेलाय ना तेही बघा, माझ्याच हातून घाईत तो कितीदा राहिलाय.

मग रीळ. प्लास्टिकच्या रिळाला एका कडेला खाच असते, दोरा खोचून ठेवायला, ती खाच सुटणाऱ्या बाजूला आली की दर फेरीला दोरा तिथे अडकतो. रीळ उलटं लावायचं, झालं काम. मोठा कोन असेल तर तो मशीनच्या मागे जमिनीवर एका स्टीलच्या पेल्यात उभा ठेवा आणि दोरा वर घेऊन मग मशीनवर आणा, एवढ्या अंतरात वळ्या मोकळ्या होतात. गुळगुळीत दोरा कोनावरून घसरून बुडाला गुंडाळत असेल तर त्यावर जाळी चढवा, सफरचंदाला येते तसली चालते.

दहा-वीस रुपयांचं: सुई बदला

शिलाईत दोऱ्याचा प्रत्येक तुकडा कापडात बसायच्या आधी सुईच्या नेढ्यातून पन्नासेक वेळा वर-खाली घासतो. साध्या टिपेत ते खपून जातं, भरतकामात टाके दाट आणि वेग जास्त, त्यामुळे नेढ्याला जरा जरी खर, म्हणजे खरखरीत कड, आली की दोरा पिंजलाच. आणि आपल्याकडे काय होतं, समुद्राची खारी हवा, त्यात पावसाळा, सुई मशीनला लावलेली तशीच चार दिवस राहिली की तिला डोळ्याला न दिसणारा गंज धरतो. बोटाने वरून खाली फिरवून बघा, नाहीतर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून ओढून बघा, धागा ओढला गेला तर सुई फेका. पण खरं सांगू का, बघत बसण्यापेक्षा बदलूनच टाका. सात-आठ तास भरतकाम झालं की मी बदलतेच, दिसायला चांगली असली तरी.

नंबर बघून घ्या. नेहमीच्या ४० वेटच्या भरतकामाच्या दोऱ्याला ११ नंबर, म्हणजे पाकिटावर ७५/११ लिहिलेलं असतं. जरीला किंवा जाड दोऱ्याला १४, म्हणजे ९०/१४. वेटचा हिशोब उलटा असतो हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. ४० वेट म्हणजे ४० किलोमीटर दोऱ्याचं वजन एक किलो, म्हणून आकडा वाढला की दोरा बारीक होतो. ६० वेट हा ४०पेक्षा बारीक.

सुई लावताना लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला आणि चपटी बाजू तिच्या उलट, म्हणजे बहुतेक नव्या घरगुती मशीनला खाच पुढे आणि चपटी बाजू मागे, आणि सुई पार वरपर्यंत टेकली पाहिजे. ती खाच शोभेला नसते, सुई कापडात शिरताना दोरा त्या खाचेत लपून खाली जातो म्हणून घासत नाही. सुई तिरकी बसली की दोरा खाचेबाहेर येतो, मग कितीही महाग दोरा आणा.

उरलेल्या सुया पाकिटातून काढून भिंतीवरच्या गादीला टोचून ठेवू नका. मशीनचं तेल लावलेल्या कापडात गुंडाळून डबीत ठेवा, वापरायच्या आधी पुसून घ्या.

तुमचा दोरा नक्की कुठला आहे?

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पावसाळ्यातल्या तक्रारी इथेच अडकलेल्या असतात.

दुकानात "सिल्कचा दोरा द्या" म्हटलं की जो चकचकीत दोरा मिळतो तो सहसा सिल्क नसतोच, तो रेयॉन असतो, म्हणजे व्हिस्कोस. लाकडाच्या लगद्यापासून काढलेला. १८९२ साली इंग्लंडमध्ये व्हिस्कोसचं पेटंट घेतलं गेलं, पुढे त्याला नकली रेशीम म्हणून विकलं गेलं आणि आपल्या बाजारात "नकली" गळून फक्त "सिल्क" राहिलं. चमक सुंदर, मऊ, कापडावर छान बसतो. पण त्याची एक मोठी खोड आहे, ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. हवेतलं पाणीही तो भरपूर पितो, नेहमीच्या हवेतसुद्धा स्वतःच्या वजनाच्या ११ ते १३ टक्के. आता आपला जुलै आठवा, भिंतींना घाम, पापड मऊ, मीठ पाणी सुटलेलं. त्या हवेत उघड्यावर लटकवलेल्या रेयॉनच्या कोनाची काय अवस्था होत असेल? म्हणूनच सकाळी दमट हवेत जास्त तुटतो आणि दुपारी ऊन पडलं तर निमूट चालतो, आणि बायका म्हणतात मशीनला मूड आहे.

पॉलिस्टर दिसायला जवळजवळ तसाच, पण पाणी अर्धा टक्कासुद्धा पीत नाही, त्यामुळे पावसाने त्याचं काही बिघडत नाही. सुती दोऱ्याची तर गंमतच आहे, तो ओला झाला की उलट मजबूत होतो. म्हणजे तिन्ही दोरे एकाच शेल्फवर, एकाच हवेत, आणि तिघांचं तीन तऱ्हेचं वागणं.

कागद नसलेलं रीळ असेल तर ओळखायचं कसं? काडीने. चार बोटं दोरा चिमट्यात धरायचा, स्टीलच्या ताटावर, पोरांना लांब ठेवून, आणि टोकाला काडी लावायची. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर, मणी गरम असताना हात लावू नका. कागदासारखा भुरभुर जळून मऊ राख झाली आणि वास जळक्या कागदाचा, तर रेयॉन किंवा सुती, मग तुकडा थुंकी लावून ओढून बघा, ओला केल्यावर पटकन तुटला तर रेयॉन. आणि केस जळल्याचा वास आला तर तुमच्याकडे खरंच रेशीम आहे, जपून ठेवा.

मी स्वतः काय करते सांगते. जून ते सप्टेंबर रोजच्या ऑर्डरी पॉलिस्टरवर, रेयॉन फक्त जिथे गिऱ्हाईकाला तीच मऊ चमक हवी असते तिथे. पोरांचे फ्रॉक आणि जे सारखं धुवायचं ते बारा महिने पॉलिस्टर. कोण म्हणेल पॉलिस्टरला तशी झळाळी नाही, बरोबर आहे, नाही, पण गौरीच्या आदल्या रात्री दहाव्यांदा दोरा ओवताना झळाळी आठवत नाही.

रेयॉन ठेवायचा कसा, तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. पांढऱ्या घ्या. निळ्या खड्यांच्या येतात त्या ओल शोषून गुलाबी होतात, दिसायला सोयीच्या, पण त्या रंगात कोबाल्ट असतं, घरात लहान मूल असेल तर नकोच. दमट झालेला कोन डब्यात दोन रात्री बंद ठेवला की बराच सुधारतो. चुलीजवळ ठेवू नका, आणि खिडकीत उन्हात तर अजिबात नको, उन्हाने रंगही जातो आणि दोरा कायमचा कुजतो. तांदळाच्या पिंपात कोन पुरणाऱ्या पण बघितल्यात मी, त्याने ओल फार जात नाही, तांदळाची पूड मात्र टेन्शनच्या चकत्यांत जाऊन बसते. आणि व्हिडिओत सांगतात ना, दोरा फ्रीजमध्ये ठेवा, तो उपाय कोरड्या हवेच्या गावांसाठी आहे, तिथे दोरा सुकून कडक होतो. आपल्याकडे फ्रीजमधून काढलेल्या कोनावर पाणी सुटतं. पेप्सीकोला ठेवा तिथे.

डब्यात दोन-तीनदा ठेवूनही ओढल्यावर सुटतोच असा जुना कोन असेल तर तो मशीनवर चालवायचा हट्ट सोडा. कच्चं करायला वापरा.

हाताने भरणाऱ्यांसाठी एवढंच, सहा पदरी सुती लडी तुटत असेल तर तुम्ही दोरा लांब घेताय. बोटांपासून कोपरापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर, बस. लांब दोरा कापडातून जास्त वेळा जातो आणि शेवटचा भाग पिंजतो. पदर एकेक करून वरच्या दिशेने ओढून काढा आणि मग लागतील तेवढे एकत्र करा, आणि मध्ये मध्ये सुई खाली सोडून लटकू द्या, पीळ आपोआप सुटतो. साखळी टाका घालताना तर पीळ चढतोच.

जरी सोलते तेव्हा

मशीनची जरी म्हणजे बहुतेक पॉलिस्टरची धातूचा मुलामा दिलेली पातळ पट्टी, आतल्या दोऱ्यावर गुंडाळलेली. ती पट्टी नेढ्यात घासली की सुटते आणि मागे ढकलली जाते, मग सुईवर चकचकीत गोळा. उपाय तीन आणि तिन्ही एकदम करायचे, १४ नंबरची मोठ्या नेढ्याची सुई, वेग निम्म्यावर, आणि वरचं टेन्शन एक-दीड आकडा सैल. कोन पेल्यात लांब ठेवायची युक्ती जरीला सगळ्यात जास्त लागू पडते. तरी तुटली तर जरी सुईत घालायचाच अट्टहास कशाला, वर ठेवून बारीक दोऱ्याने टाचा, जुन्या बायका तेच करायच्या. आणि तांब्याच्या तारेची जरी असेल तर आपल्या खाऱ्या हवेत ती काळी पडणारच, ती टाचायच्या दिवसापर्यंत प्लास्टिकमध्ये बंद ठेवा.

बॉबीन, कचरा, तेल

प्लग काढा. सुईखालची प्लेट उघडा. भरतकामाच्या मशीनमध्ये पंधरा दिवसांत जो कचरा साठतो तो दमट हवेत नमद्यासारखा घट्ट होतो, ब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका, फुंकरीत ओलावा असतो आणि कचरा आत जातो. बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, जिच्यात बसते त्या केसच्या पट्टीखाली दोऱ्याचा एक छोटा तुकडा अडकला तरी खालची ओढ बदलते, जाड कागदाचा कोपरा घालून काढा. केस बाहेर निघणारी असेल तर तिला दोऱ्याने लटकवा, आपोआप घसरता कामा नये, हलका झटका दिला की इंच-दोन इंच खाली यावी. प्लास्टिकच्या बॉबीनला कडेला चीर असेल तर टाका.

तेल फक्त मशीनचं, पांढरं, आणि पुस्तकात दाखवलेल्या जागीच, एकेक थेंब. खोबरेल नाही. मला माहितेय घरात तेच असतं आणि आजीने तेच घातलं असेल, पण खोबरेल थंडीत गोठतं आणि वर्षभरात आत चिकट राळ होऊन बसतं. एका काळ्या मशीनचं शटल, म्हणजे खालून दोऱ्याचा फास पकडणारा भाग, मी रॉकेलमध्ये बुडवून दोन दिवसांनी सोडवलंय. तेल घातल्यावर आधी फडक्यावर चार ओळी मारा, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाईकाच्या पैठणी ब्लाऊजवर.

कापड आणि डिझाईन

रिंगमध्ये कापड ढिलं असेल तर ते सुईबरोबर वर उचललं जातं, टाका नीट पडत नाही, दोरा गुंततो. ताणून लावा, पण कापडाची वीण वाकडी होईल इतकं नाही, आणि खाली बॅकिंग पेपर घाला. चिकट स्प्रे मारत असाल तर सुई मधून मधून पुसा. मोबाईलवर आलेली मोठी डिझाईन मशीनवर दाबून लहान केली असेल तर कित्येकदा टाके तेवढेच राहतात आणि जागा कमी होते, मग सुई आधीच्या टाक्यांना छेदत जाते. तिथे दोरा तुटणारच. डिझाईन त्या मापाचीच घ्या.

आता टेन्शन

इथपर्यंत येऊनही तुटत असेल तरच. आधी आत्ताच्या आकड्याचा फोटो काढा. वरचं टेन्शन अर्ध्या आकड्याने कमी करा, फडक्यावर एक इंचभर सॅटीनची, म्हणजे दाट आडव्या टाक्यांची पट्टी भरा आणि उलटी बाजू बघा. खालचा पांढरा दोरा पट्टीच्या मधल्या तिसऱ्या भागात दिसला पाहिजे, दोन्ही कडांना वरचा रंग. पांढरा दिसतच नाही म्हणजे वरचा फार सैल, पांढराच पांढरा म्हणजे वरचा कडक. एका वेळी अर्धाच आकडा, आणि दर वेळी नवीन पट्टी. बॉबीन केसचा स्क्रू मात्र मी स्वतः क्वचित फिरवते, फिरवलाच तर घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा, आणि खाली ताट ठेवून, कारण तो स्क्रू जमिनीवर पडला की सापडत नाही.

मग शेवटचं, खर शोधणं. सुई कधी तुटली असेल तर तिने प्लेटच्या भोकाला ओरखडा काढलेला असतो. प्लेट काढून भोकातून थोडा कापूस फिरवा, तंतू अडकले तर तिथे खर आहे. प्लेट सुटी असताना अगदी बारीक, हजार नंबरच्या वरच्या पॉलिश पेपरने हळूच घासली तर निघते. तेवढीच. शटलच्या टोकावर खर असेल तर कागद खाली ठेवा, ते टोक जरा घासलं गेलं तरी माप जातं आणि नवीन शटलचा खर्च येतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

नवीन सुई, चांगला दोरा, स्वच्छ बॉबीन असूनही टाके सुटतायत, सुई आपटल्याचा टक्-टक् आवाज येतोय, किंवा सुया लागोपाठ मोडतायत, तर शटलचं टाइमिंग सरकलंय. सुई खालून वर यायला लागली की दोन-अडीच मिलिमीटरवर शटलचं टोक नेढ्याच्या जरा वर येऊन दोऱ्याचा फास पकडतं, हे माप डोळ्याने जमत नाही. मी एकदा व्हिडिओ बघून स्क्रू सोडला होता, मग कुडाळहून माणूस आला, त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे, आणि काही न बोलता कामाला लागला. त्याचं ते न बोलणं बिलापेक्षा जास्त लागलं.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल, मोटर भाजत असेल, वायर उंदराने कुरतडलेली असेल, तर प्लग काढा आणि वायरमनला किंवा मेकॅनिकला बोलवा, ओल्या जमिनीवर उभं राहून स्वतः प्रयोग नको. कौलातून गळून पाणी कॉम्प्युटर मशीनवर पडलं असेल तर "चालू होतंय का बघूया" म्हणून बटण दाबू नका. पुसा, पंख्याखाली ठेवा आणि तसंच दाखवायला न्या.

मेकॅनिक यायच्या आधी तुटलेली चार-पाच टोकं कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा, बाजूला कुठला दोरा, कुठली सुई ते लिहा, आणि बिघडलेल्या भरतकामाचा तुकडाही. त्याचा तास वाचतो. आणि फोन नारळी पौर्णिमेच्या आधी करा, त्यानंतर केलात तर तो अनंत चतुर्दशी झाल्यावरच येतो.